धुतलेली जखम

त्यांनी तोंडं झाकली नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. पुढे कोर्टात जो तो विचारायचा, अंधार होता का, बुरखे होते का, ओळखलं कसं? अंधार कसला डोंबलाचा! एप्रिलमधला शनिवार होता आणि भर दुपार होती. मेजर हॅलम चाळीस घोडेस्वार घेऊन केनी क्रीकच्या चर्चपाशी आला, तेव्हा त्या चाळिसांतल्या निम्म्या जणांना तरी लहानपणी आपल्याच काळ्या बायकांनी अंगावर पाजलेलं होतं. त्यांना ओळखायला काही चष्मा लागत नव्हता.

चर्चमध्ये त्या दिवशी मतदारयादीत नावं घालायचं काम चाललं होतं. उत्तर-दक्षिणेतली लढाई संपून सहा वर्षं झाली होती. गुलामगिरी गेली होती. मिसिसिपीत काळा माणूस मत देत होता, पंच म्हणून बसत होता, कोर्टात फिर्याद गुदरत होता. हॅलमच्या मळ्यावरचा चाबूक खुंटीला लागला होता. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मेजरने बाहेरून हाक दिली, "हात वर करून एकेक जण बाहेर या. कुणाच्या केसाला धक्का लागणार नाही." शब्दाचा पक्का म्हणून जिल्हाभर त्याचं नाव. त्याच्या शब्दावर पुरुष बाहेर आले. यादी लिहिणारा ओबेद सुतार सगळ्यांत पुढे होता. त्याच्यासकट पाच जणांना गुडघ्यांवर बसवलं आणि मागून डोक्यात गोळ्या घातल्या. उरलेल्यांना म्हणाले, "जा आता, करा मतदान."

ओबेद हा हुल्दामावशीचा एकुलता एक मुलगा.

मावशी ती सगळ्या वस्तीची. साठीला टेकलेली, उंच, हाडापेराने मजबूत, जिभेने तिखट. वस्तीत कुणी गेलं की पहिलं बोलावणं तिला यायचं. मेलेल्या माणसाला आंघोळ घालणं, त्याचे डोळे मिटणं, हातपाय सरळ करणं, छातीवर मिठाची बशी ठेवणं, हे तिचं काम. गुलामगिरीत ते तिने गोऱ्यांच्या घरीही केलं होतं. गोरा मेला की घरात सगळी कामं थांबायची. काळा मेला तर त्याला धुवायलाही मालकाची परवानगी लागे आणि कापूस वेचणीच्या दिवसांत ती मिळत नसे. हुल्दाचा नवरा असाच गेला. भरल्या शेतात कोसळला आणि घामेजल्या अंगाने, चिखलाच्या पायांनी मातीत गेला. सुटका झाली तेव्हा कुणी जमीन मागितली, कुणी विकली गेलेली मुलंबाळं शोधायला निघालं. हुल्दाने एक शपथ घेतली. या वस्तीतलं माणूस यापुढे न धुता मातीत जाणार नाही.

त्या शनिवारी संध्याकाळपर्यंत तिने पाचही जणांना धुतलं. चार बायका पाणी तापवत होत्या, त्यांना रडायला वेळ होता. हुल्दाला नव्हता. देवदाराचा पाला घातलेल्या ऊन पाण्याने तिने एकेकाचं डोकं धुतलं, केसांतली बंदुकीच्या दारूची काजळी साबणाने घासून काढली. ज्यांच्या गोळ्या हाताशी लागल्या त्या तिने वाकवलेल्या चमच्याने उपसून काढल्या. भोकांत मेण भरलं, वरून कातडं शिवलं, केस विंचरून टाका झाकला. ओबेदला तिने शेवटी घेतलं. बाकीच्यांना लागला त्याच्या दुप्पट वेळ लावून त्याला असा स्वच्छ केला, की बघणाऱ्याला वाटावं, सुतारकाम करून दमलाय आणि जरा पडलाय. काढलेल्या गोळ्या तिने ओढ्याच्या खोल पाण्यात फेकून दिल्या. मारेकऱ्याचं शिसं बरोबर घेऊन माझा मुलगा देवाच्या दारी जाणार नाही, असं ती म्हणाली आणि सगळ्यांना ते पटलं. रविवारी पाचही जणांना माती दिली. त्यांनी शेवटचं ज्यात पाणी प्यायलं ते कप आणि गाडगी थडग्यांवर फोडून ठेवली. मरणाची साखळी तुटावी, मागच्यांना ओढू नये, म्हणून असं फोडायचं असतं.

यात चुकलं काय? माणसाने माणसाचं करावं तेच तिने केलं. पण कायद्याला ते मंजूर नव्हतं, आणि कायदा काय म्हणतो हे या लोकांना तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

चौथ्या दिवशी नेपोलियन ग्रिअर दलदलीतून परत आला. हा पूर्वीचा न्हावी, वस्ती त्याला पोल म्हणायची. वीस वर्षं त्याने मेजर हॅलमची दाढी केली होती. आता तो वस्तीचा निवडून आलेला मॅजिस्ट्रेट होता, आणि ज्या खिशात पूर्वी वस्तरा असे त्या खिशात कायद्याचं एक फाटकं पुस्तक बाळगायचा. मेजरची माणसं शनिवारी त्यालाही शोधत होती, म्हणून तीन दिवस तो कमरेइतक्या पाण्यात लपला होता. आल्या आल्या त्याने हुल्दाच्या दारात विचारलं, "मावशी, मयतं कुठं आहेत?"

"कुठं असणार? मातीत."

"कुणी बघितली? सहा पंच बसवून पंचनामा झाला?"

"काय नामा?"

ग्रिअर पायरीवरच बसला. "मावशी, खून झाला की मयत आधी मॅजिस्ट्रेटने बघायचं असतं. सहा माणसं बसवून. गोळी कुठून शिरली, किती जवळून मारली, सगळं लिहायचं. त्याशिवाय कोर्टात उभं राहता येत नाही. येताना कळलं, मेजरने काल शहरात आपली फिर्याद लिहून दिलीय. चर्चमधून आपल्या लोकांनी आधी बंदुका चालवल्या, म्हणून यांनी समोरून, लांबून गोळ्या झाडल्या. डॉक्टरने मयतं न बघताच सही ठोकलीय."

म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा. हुल्दा म्हणाली, "बंदुका? चर्चमध्ये एक दौत होती आणि एक टाक. गोळ्या मागनं शिरल्यात. मी बोट घालून बघितलंय, पोल. पाचही जणांना. केस जळालेले होते."

"ती काजळी कुठाय?"

"धुतली."

"आणि गोळ्या?"

तिने ओढ्याकडे बोट दाखवलं. ग्रिअरचा चेहरा बघून तिला सगळं कळलं. कळलं आणि अंगाची लाही झाली. राग मेजरचा आला, कायद्याचा आला आणि समोर बसलेल्या या ओल्या न्हाव्याचाही आला. मेजरने मुलगा मारला, पण खुनाचा पुरावा आपण स्वतःच्या हातांनी, साबण लावून, चोळून चोळून काढला होता. हे तिला त्या दिवसापासून घास गिळू देईना.

आठवड्याने सरकारी वकील आला. फेल्प्स नाव, उत्तरेकडचा गोरा, कोवळा, उन्हाने नाक सोललेलं. तो हुल्दाला 'बाई' आणि 'तुम्ही' म्हणाला. गोऱ्या माणसाच्या तोंडून साठ वर्षांत हे कधी ऐकलेलं नसल्याने तिला आधी वाटलं, हा चेष्टा करतोय.

"बाई, साक्षीदार आहेत," तो म्हणाला. "पण त्यांच्या शब्दासमोर चाळीस प्रतिष्ठितांचा शब्द आहे. मला ज्यूरीच्या डोळ्यांना दिसेल असं काहीतरी पाहिजे. एक तरी थडगं उघडावं लागेल."

ग्रिअरने मान खाली घातली. मावशी उठली आणि तिने दार उघडून धरलं. "साहेब, बाहेर व्हा. तू पण, पोल. जित्यापणी यांनी त्याला झोपू दिलं नाही. मेल्यावर तुम्ही उठवायला आलात?"

वस्तीतही कुणी तयार होईना. रोडा नावाची बावीस वर्षांची पोर, तिचा नवरा त्या पाचांतच गेला होता, पोटात चौथा महिना. ती सरळ म्हणाली, "मी माझ्या माणसाला हात लावू देणार नाही. पाण्यात राहून माशाशी वैर आणि तेही कुणाच्या जिवावर? त्या गोऱ्या वकिलाच्या? तो उद्या गाडीत बसून घरी जाईल. मला इथंच बाळंत व्हायचंय." तिचंही खोटं नव्हतं. थडगं उघडलं की फुटलेली गाडगी हलणार, साखळी पुन्हा जुळणार आणि वस्तीत अजून कुणी जाणार, असं म्हाताऱ्या माणसांनी बजावलं होतं. पाद्रीबाबांनी तर रविवारी त्यावरच प्रवचन केलं.

गोष्ट तिथेच मिटली असती. पण मेजर हॅलमला गप्प बसवेना.

हुल्दा मीठ आणायला चौकातल्या दुकानात गेली होती. मेजर तिथे बाकावर पाय पसरून बसला होता. बरोबर चार जण होते. तिला बघून तो उठला आणि त्याने हॅट काढली. काळ्या बाईसमोर हॅट काढलेली बघून त्या चौघांना आधीच हसू फुटलं.

"काय गं हुल्दे, बरी आहेस ना?"

"आहे, मेजरसाहेब."

"तुझे आभार मानायचे राहिलेच. ऐकलं की मुलांना फार स्वच्छ धुतलंस. लहानपणापासून तुझा हात चांगलाच. आता तर देवालाही जखम सापडायची नाही." मग दुकानदाराकडे वळून म्हणाला, "हिला मीठ माझ्याकडून दे रे. आमचं मोठं काम केलंय तिने."

तिने मिठाची पुडी तिथेच ठेवली. तडक दोन मैल चालत ती ग्रिअरच्या घरी गेली. तो कोंबड्यांना मका टाकत होता.

"पोल, पंच बोलव."

"मावशी, नीट विचार कर. लोक काय म्हणतील? आणि मेजर..."

"मेजर काय करील? मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही. माझं होतं ते त्याने नेलं. आता माझ्या धुण्याचे तो आभार मानतो, ते मी ऐकून घेऊ?" ती हमसत होती, पण डोळे कोरडे होते. "गाठ मी घातलीय. मीच सोडणार."

गुरुवारी सकाळी थडगं उघडलं. ग्रिअर होता, त्याचे सहा पंच होते, फेल्प्स होता, राजधानीतल्या पलटणीचा एक डॉक्टर होता. वस्तीतलं दुसरं कुणीही आलं नव्हतं. दारं लावून बसले होते सगळे. खोदणं चाललं होतं तेव्हा हुल्दा पाठ करून उभी राहिली. पेटी वर आल्यावर मात्र तिने डॉक्टरला बाजूला केलं. माती देऊन अठरा दिवस झाले होते, आणि एप्रिलचं ऊन होतं. काय दिसलं ते इथे सांगत नाही. जिने बघायचं तिने बघितलं. तिने ओबेदचं डोकं आपल्या मांडीवर वळवून घेतलं, केस बाजूला सारले आणि स्वतः घातलेले टाके कात्रीने एकेक कापले. मेण काढलं. म्हणाली, "या, बघा. मागनं."

पंच बघायला वाकले. त्यातला एक जण उठून झाडाआड गेला आणि ओकला. डॉक्टरने भोकावर बोट फिरवलं, मोजमाप घेतलं. कवटीच्या बाहेरून भोक लहान होतं, आतून रुंद. गोळी मागूनच शिरली होती आणि इतक्या जवळून की धुऊनही हाडाच्या कडेवर काळं राहिलं होतं. तेवढं काही साबणाने निघालं नव्हतं. ते ऐकून मावशीने पहिल्यांदा डोळ्यांना झग्याची बाही लावली.

डॉक्टरने भोकाच्या अर्ध्या काळ्या कडेसकट हाडाचा तुकडा करवतीने कापून घेतला. तिने विचारलं, "हे कुठं नेता?"

"कोर्टात दाखवायला लागेल, बाई," फेल्प्स म्हणाला. "खटला संपला की परत मिळेल. माझा शब्द आहे."

शब्द! गोऱ्या माणसाच्या शब्दावरच पाच जण हात वर करून बाहेर आले होते. पण हा पोरगा खोटा वाटत नव्हता. आणि खरं सांगायचं तर तो खोटा नव्हताच, नुसता कच्चा होता.

खटला ऑक्टोबरात उभा राहिला. ज्यूरीवर आठ गोरे आणि चार काळे. मेजर पुढच्या बाकावर मुलाबाळांसकट बसला होता, जसं काही कुणाचं लग्नच आहे. त्याचा वकील पांढऱ्या दाढीचा होता, आवाज तुपात घोळलेला. हुल्दा साक्षीला उभी राहिली तेव्हा तो सुरू झाला.

"तू डॉक्टर आहेस का गं?"

"नाही, साहेब."

"लिहिता-वाचता येतं?"

"नाही."

"मग गोळी पुढून शिरली की मागून, हे तुला कोणत्या विद्येने कळलं?"

"हाताने कळलं, साहेब. चाळीस वर्षं मेलेली माणसं धुतेय. तुमच्या आईसाहेबांना पण मीच धुतलं होतं. पाठीवर झोपून झोपून जखमा झाल्या होत्या त्यांना, खुब्यावर दोन आणि टाचेला एक. तुम्ही त्या बघितल्या नसतील. तुम्ही जेवायला येऊन बसला होतात."

काळ्या लोकांच्या गॅलरीत खसखस पिकली. न्यायाधीशाने हातोडा आपटला. वकील लाल झाला, पण त्याने तो हाडाचा तुकडा मात्र हातातही घेतला नाही. फेल्प्सने तो ज्यूरीपुढे फिरवला. चारही काळे पंच तो दोन्ही हातांत धरून बघत होते. गोऱ्या आठांतल्या सहांनी बघायचंही टाळलं. दोघांनी बघितलं, त्यातला एक बराच वेळ.

ज्यूरी दोन दिवस बंद खोलीत होती. बाहेर आली ती एकमत न होता. खून झाला म्हणणारे पाच होते, नाही म्हणणारे सात. म्हणजे सुटकाही नाही, शिक्षाही नाही. खटला पुढच्या सत्राला, मार्चमध्ये, नव्या ज्यूरीपुढे. मेजर जामिनावर घरी गेला आणि त्या रात्री त्याच्या घरी मेजवानी झाली. खून म्हणणाऱ्या पाचांतला जो गोरा होता त्याची गिरणी आठवड्याभरात जळली. चार काळ्यांतल्या एकाने जिल्हा सोडला.

हुल्दा फेल्प्सकडे गेली. "तुकडा द्या."

"बाई, खटला संपला नाही ना अजून. मुद्देमाल नाझराच्या कपाटात राहणार. आता तो दिला तर मार्चमध्ये आपल्याकडे काहीच नाही." तो खरोखर ओशाळला होता. "पाच महिन्यांचा प्रश्न आहे."

"त्याचं डोकं अर्धवट पुरलंय, साहेब."

"माहीत आहे."

"नाही माहीत," ती म्हणाली आणि घरी आली. तो हिवाळा तिने कसा काढला ते तिचं तिला ठाऊक. ओबेद जन्मला तेव्हा मालकाच्या वहीत त्याचं नाव गाई-घोड्यांच्या खाली चढलं होतं. आता त्याचं हाड कोर्टाच्या वहीत नंबर घालून पडलं होतं. वस्तीतले लोक तिच्याशी जपून बोलत, काहीजण वाट बदलून जात. फेब्रुवारीत पाद्रीबाबा तापाने गेले तेव्हा कुणीतरी कुजबुजलंच, बघा, गाडगी हलवली ना? त्यांनाही हुल्दानेच धुतलं. त्याआधी सप्टेंबरात रोडाचं बाळंतपणही तिनेच केलं होतं. मुलगी झाली. रोडाने तिच्याशी त्या विषयावर एक अक्षर काढलं नाही, पण मुलीला पहिली आंघोळ मावशीलाच घालू दिली.

मार्चमध्ये कोर्ट भरलं. हिवाळ्यात नाझर बदलला होता. नवा नाझर मेजर हॅलमचा भाचा. आता उंदराला मांजर साक्ष हे आपण ऐकून होतो, इथे तर कोंबड्या राखायला कोल्हाच बसवलेला. फेल्प्सने मुद्देमाल मागितला. भाच्याने कपाटातून सिगारची पेटी आणली, टेबलावर ठेवली आणि नमस्कार केल्यासारखा वाकला. फेल्प्सने ती उघडली.

आत डुकराचं हाड होतं. खारवून खाल्लेल्या मांडीचं, कडेला दातांच्या खुणा असलेलं.

फेल्प्सला आधी समजलंच नाही. मग तो पांढराफटक पडला. पुढच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग ते हसू सगळ्या गोऱ्या बाकांवर पसरलं. भाचा म्हणाला, "माझ्या ताब्यात हेच आलं, साहेब. आधीच्याने काय ठेवलं होतं ते मी कसं सांगू? त्या लोकांनी पहिल्यापासून डुकराचंच दिलं असेल." मेजर हसत नव्हता. तो आपल्या घड्याळाला किल्ली देत होता.

न्यायाधीश वाईट माणूस नव्हता, पण थकलेला होता. त्याला संध्याकाळची गाडी गाठायची होती. त्याने विचारलं, "फिर्यादी पक्षाकडे दुसरा काही पुरावा आहे? नसेल तर खटला काढून टाकावा लागेल."

फेल्प्स कागद गोळा करू लागला. ग्रिअर खिशातलं पुस्तक काढून चाळत होता, पण त्यात डुकराच्या हाडाबद्दल काही लिहिलेलं नसणार.

"आहे," गॅलरीतून आवाज आला.

हुल्दा उभी राहिली होती. "आहे पुरावा. एक तुकडा चोरलात. बाकीचा माझा मुलगा अजून जागेवर आहे. भोकाची उरलेली कड त्याच्या डोक्यात आहे, जशी होती तशी."

"बाई, तुम्हाला बोलायची परवानगी नाही," न्यायाधीश म्हणाला.

"परवानगी मागत नाही, साहेब. तुम्ही विचारलंत, मी सांगतेय. माझ्या नवऱ्याला धुवायची परवानगी मागितली होती, तेव्हापासून मागणं सोडलंय."

कुणी हसलं नाही. तेवढ्यात तिच्या बाजूला रोडा उठली. कडेवर मुलगी होती. तिचा आवाज खालपर्यंत पोचत होता. "आणि माझा माणूस आहे. त्याच्या डोक्यात अख्खी गोळी आहे. मावशीला ती निघालीच नव्हती. उघडा त्याला. मी सही देते."

मग तिसरी बाई उठली, मग एक म्हातारा बाप, मग शेवटच्या मुलाची बहीण. गेल्या एप्रिलमध्ये ज्यांनी दारं लावून घेतली होती ती ही माणसं. त्यांना कुणी समजावलं नव्हतं. डुकराचं हाड बघितलं होतं त्यांनी, आणि ते हसणं ऐकलं होतं.

न्यायाधीशाने बराच वेळ डोळे चोळले. मेजरचा वकील उठून बोलू लागला, तर त्याला हाताने थांबवलं. म्हणाला, "शुक्रवारी सकाळपर्यंत तहकूब. पुरावा या कोर्टात माझ्यासमोर आला पाहिजे. नाझराच्या हातात नाही." त्या दिवशी पहिल्यांदाच मेजरने घड्याळ खिशात टाकलं आणि मागे वळून गॅलरीकडे बघितलं. हुल्दा त्याच्याकडे बघत नव्हती. ती शाल गुंडाळून जिना उतरत होती.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. सकाळच्या उन्हात सगळी वस्ती दफनभूमीत उभी होती, पाचही घरांची माणसं आणि ज्यांचं कुणी गेलं नव्हतं तीही. ग्रिअर म्हणाला, "मावशी, तू बस. पुरुष उकरतील."

"मागच्या वेळी पाठ करून उभी राहिले. काय मिळालं?" तिने त्याच्या हातातलं फावडं घेतलं.

सवयीने बायकांनी चूल मांडली होती, पाणी चढवलं होतं, देवदाराचा पाला आणला होता. पहिली पेटी वर आली तशी रोडा बादली घेऊन पुढे झाली. हुल्दाने तिचा हात धरला.

"पाणी ओतून टाक."

"मावशी, न धुता? तू म्हणतेस हे?"

"मीच म्हणतेय. धुऊन काय झालं ते बघितलं ना? आता कुणी पाणी लावायचं नाही, कुणी माती झटकायची नाही. जसे आहेत तसे पाचही गाडीवर चढवा. पेट्यांना झाकणं घालू नका. कोर्टाच्या दारापर्यंत चौकातून, दुकानावरून, मेजरच्या फाटकावरून न्यायचे. वास येऊ दे त्यांच्या घरात."

रोडाने बादली उपडी केली. मग मावशी खाली वाकली आणि तिने ओबेदच्या पेटीचं झाकण स्वतःच्या हातांनी उपटलं.